दिवेलागणीचा गल्ला

१

मशीनने रामहरीची चिठ्ठी तिसऱ्यांदा बाहेर ढकलली आणि काचेवर पुन्हा तीच ओळ आली: ‘या चिठ्ठीचे पैसे दिलेले आहेत.’

“कुणाला दिलंस गं बये?” रामहरी मशीनवरच ओरडला. “म्या तर हितं उभा हाय!”

रामहरी मूळचा ईट गावचा. ट्रक चालवायचा आणि हैदराबादला जाता-येता नळदुर्गला हटकून थांबायचा. तिथे हायवेला लागून रेवणसिद्धचे मनोरंजन केंद्र होते. पाटी मनोरंजनाची, आत मात्र काचेवर फळे फिरवणारी खेळाची मशिने. जिंकलेल्या पॉइंटचा रोकडा मिळतो हे सगळ्या गावाला ठाऊक होते, ठाऊक नव्हते ते फक्त सरकारी कागदाला. त्यामुळे आत कॅमेरा नव्हता. आपल्याच पापाचा फोटो कोण काढून ठेवील?

त्या संध्याकाळी रामहरीला चाळीस हजार लागले. एवढी रक्कम त्या जागेत कुणाला लागल्याचे कुणाला आठवत नव्हते. चिठ्ठी खिशात घालून तो शेजारच्या धाब्यावर ऐटीत चहा पिऊन आला, आणि येऊन बघतो तो ही गंमत.

चिठ्ठीचे पैसे घ्यायला तिथे महिनाभर दोन वाटा होत्या. एक ही नवी पेटी, जिला सगळे एटीएम म्हणत: चिठ्ठी आत सरकवा, नोटा घ्या, चालू लागा. दुसरी जुनी वाट म्हणजे पार्वतम्मा. रेवणसिद्धची विधवा भावजय. ती गल्ल्यावर बसायची, चिठ्ठी नंबर वाचणाऱ्या लाल उजेडाखाली धरायची, नोटा हातात ठेवायची आणि दिलेली चिठ्ठी लाकडी पट्टीवरच्या खिळ्याला खोचायची.

रामहरीचा आरडाओरडा ऐकून तिथल्या पोरांनी खिळ्यावरच्या चिठ्ठ्या चाळल्या. त्यात एक निघाली. तोच नंबर, तीच रक्कम. रामहरीच्या हातातल्या चिठ्ठीची जुळी बहीण.

रेवणसिद्ध वरच्या मजल्यावरच्या घरातून खाली आला. त्याने गल्ल्याचा खण ओढून काढला, काखेत मारला आणि वर घेऊन गेला. थोड्या वेळाने जिन्यातूनच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “चाळीस हजार कमी हायेत. वैनी, हे काय करून बसलात तुमी?”

२

बब्रुवानला हे सारे दुसऱ्या दिवशी सकाळी रेवणसिद्धच्याच तोंडून कळले.

बब्रुवान म्हणजे एसटीतला निवृत्त चेकर. आयुष्यभर अधेमधे गाड्या थांबवून लोकांची तिकिटे आणि कंडक्टरची बॅग तपासली. माणूस सरळ असतो यावर त्याचा विश्वास नव्हता. फार तर अजून सापडलेला नसतो, असे त्याचे मत. बायको कमलबाई म्हणायची, “ह्यांनी देवळात गेलं तरी पुजाऱ्याची पिशवी उघडून बघायची.” नळदुर्गच्या बसस्टँडामागे घर बांधून तो आता दिवसभर पेपर वाचायचा आणि पेपरातल्या प्रत्येकाला मनातल्या मनात दंड करायचा.

“पोलिसात जाता येत न्हाय, बब्रुवानराव,” रेवणसिद्ध म्हणाला. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. माणूस गावात सज्जन म्हणून ओळखला जायचा. “गेलो तर चोराआधी मलाच आत टाकतील. तवा तुमीच बघा. तुमी म्हनाल ते ह्या गावात कुनी खोडणार न्हाय.”

“आणि मी काय म्हणणार असं तुम्हाला वाटतं?”

“म्या काय सांगू? वैनी हाय ती माझी. पण गल्ला तिचा, खिळा तिचा.” त्याने डोळे पुसले. “मल्लेश कवापास्नं सांगतोय, अप्पा, मानसाच्या हातानं पैसे द्यायचं दिवस गेले, मशीन बसवा. म्या म्हनलं एक महिना दोन्ही ठेवू. गिऱ्हाइकाला जे पटंल ते पुढं चालू. तवर हे झालं.”

“मग आता काय ठरलंय?”

“आज सांजच्याला चार माणसांदेखत निकाल द्यायचाय. रामहरी ट्रक लावून बसलाय. आन् वैनीचा हात खोटा ठरला, तर...” तो थांबला.

“तर काय?”

“तर तिला तिच्या माहेरी पोचवायचं. कर्नाटकात, आळंदला. घरात तरी कसं ठेवावं, सांगा.”

बब्रुवानने चहाचा कप खाली ठेवला. साठीच्या बाईला चोर म्हणून माहेरी पोचवणे म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होते. आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी त्यालाही तीच चोर वाटत होती. पैसा ज्याच्या हाताखालून जातो त्याच्याच हाताला चिकटतो, हा त्याचा नोकरीतला धडा.

३

पार्वतम्मा हॉलच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापाशी बसली होती. रिकाम्या गल्ल्याकडे पाठ करून. बब्रुवान आला तशी तिने पदर सावरला.

“विचारा,” ती म्हणाली. “काल अख्ख्या गावानं विचारलं. तुमचंच राहिलं हुतं.”

“अक्का, त्या चिठ्ठीचे पैसे तुम्ही दिले?”

“न्हाय. चिठ्ठी खिळ्याला हाय म्हंजी म्याच खोचली असं समदे म्हनतात. म्या खोचली न्हाय. दिवेलागणीला म्या कसं पैसे देईन?”

“म्हणजे?”

तिने त्याच्याकडे असे पाहिले, जणू हा माणूस दुसऱ्याच मुलखातून आला होता. “दिवेलागणीला दुकानातनं पैसा भाईर जात न्हाय, साहेब. सासऱ्याच्या कापडाच्या दुकानापास्नं आमच्यात हे हाय. लक्ष्मी यायची येळ. म्या दिवा लावते, गल्ल्याचा खण उघडा ठिवते, तिनं यावं म्हनून. मंत्र संपोस्तवर कुनी आलं, अगदी लाख रुपय जिंकून आलं, तरी थांबायचं. गिऱ्हाइकालाबी ठावं हाय. समदे धोंडीबाच्या धाब्यावर च्या प्यायला जातात.”

“खण उघडा? आणि तुम्ही?”

“म्या हितं. देवाकडं तोंड, डोळं मिटून.”

बब्रुवानने मान वळवून पाहिले. देव्हाऱ्यापासून गल्ला सहा-सात पावलांवर. पाठीमागे. चोराला पानसुपारी देऊन बोलावल्यासारखीच ही व्यवस्था.

“काल कुणी मागे आल्याचं कळलं का?”

“आलं हुतं कुनीतरी. पावलं वाजली. पर मंत्र चालू असताना वळून बघायचं नसतं.”

“बुटांची पावलं?”

“न्हाय. अनवाणी हुतं.”

हे उत्तर बब्रुवानने मनात टिपून ठेवले. मग त्याने विचारले, “रेवणसिद्धला तुम्हाला गल्ल्यावरून काढायचं असतं तर सरळ काढता आलं असतं ना?”

“न्हाय काढता येत.” पहिल्यांदाच तिचा आवाज ताठ झाला. “ह्यांनी जाताना धाकल्या भावाचा हात त्याच्या गळ्यातल्या लिंगावर ठिवला. शपथ घेतली त्यानं, वैनीचा हात साफ हाय तवर गल्ला तिच्याच हातात राहील. मशीन बसवायचं म्हनून मल्लेश रोज बापाशी भांडतोय. बाप म्हनतो, शपथ कशी मोडू? लई देवभोळा हाय तो.”

बब्रुवान उठला. तिचा हात खोटा ठरण्याची वाट बघणारा एक माणूस तिने आपणहून त्याच्यापुढे उभा केला होता, आणि तो होता मल्लेश.

४

मल्लेश रेवणसिद्धचा मुलगा. पुण्यात दोन वर्षे काढून आलेला, कपाळ कोरे, हातात दोन फोन. एटीएमवाल्या कंपनीकडून त्याला कमिशन मिळणार होते आणि ते त्याने लपवलेही नाही. पार्वतम्माला तो कानडीत दोड्डव्वा, म्हणजे थोरली आई, म्हणायचा.

“मला मशीन पाहिजेच आहे, काका,” तो म्हणाला. “दोड्डव्वा गल्ल्यावर असली की धंदा बसतो. माणूस जिंकला की ती विचारते, किती हरलास ते आधी सांग. पोरगी कितवीत आहे? दूधवाल्याचं दिलं का? अर्धे लोक जिंकलेले पैसे घेऊन घरी जातात. घरी गेलेला पैसा परत खेळत नाही. एटीएमला हे प्रश्न पडत नाहीत.”

“मग तिला घालवायला चिठ्ठी तूच छापलीस?”

“कशी छापू? मी सोलापुरात होतो, कागदाचे रोल आणायला. गाडीवरून उतरलो तेव्हा रामहरी कोकलत होता. सगळ्यांनी बघितलंय.”

“दुसरी चिठ्ठी छापता कशी येते, ते सांग.”

ते फार सोपे निघाले. कागद अडकला तर गिऱ्हाइकाचे नुकसान नको म्हणून खेळाच्या मशीनच्या पाठीला एक कुलूप होते. चावी फिरवली की शेवटची चिठ्ठी पुन्हा छापून यायची. ती गल्ल्यावरच्या लाल उजेडाखाली धरली, की एटीएम समजते पैसे दिले. मल्लेशने एटीएममध्ये बघून सांगितले, ती चिठ्ठी लाल उजेडाखाली गेली ती ऐन दिवेलागणीला.

“चाव्या कुणाकडे?”

“एक माझ्याकडे, ती माझ्याबरोबर सोलापूरला होती. एक सिद्धारामकडे. तिसरी वर घरात, कपाटात पडून असते.”

सिद्धाराम मशिनांची देखभाल करायचा. तिशीचा, तोंडात कायम तंबाखू. बब्रुवानला बघताच त्याने तंबाखू थुंकली.

“म्या न्हाय साहेब, आईची आन! म्या धाब्यावर हुतो. समद्यांसंगट गेलो, समद्यांसंगट आलो.”

“पायात काय होतं?”

“बूट. ह्येच.” त्याने पाय पुढे केला. “मशीनची वायर उघडी असती. अनवाणी फिरलो तर शॉक बसून मरंन की.”

बब्रुवानला अशा भेदरलेल्या माणसांची खात्री वाटत नसे. नोकरीत जो जास्त शपथा घ्यायचा त्याची बॅग तो आधी उपडी करायचा. पण हा धाब्यावर होता की नव्हता, हे धोंडीबालाच विचारायला हवे होते. आणि धोंडीबाने जे सांगितले त्याने बब्रुवानची सगळी मांडणी आडवी झाली.

५

“सिद्धाराम? हुता की,” धोंडीबा म्हणाला. भट्टीपुढे उभा राहून तो भाकरीवर पाणी फिरवत होता. “माझी तंबाखू मागून खाल्ली, चुना वर. उठला तो माझ्यासंगटच. आमी तिघं मिळून आत गेलो. म्या, त्यो आन् रामहरी.”

“तुम्ही कशाला गेलात?”

धोंडीबा जरा ओशाळला. “दुपारी खेळलो हुतो जरा. तीन हजार लागलं हुतं. चिठ्ठी खिशात हुती. दिवा झाला म्हनलं, आता अक्का देईल.”

“आणि दिले?”

“दिलं की. रामहरी तिकडं पेटीकडं गेला, म्या गल्ल्यावर गेलो. अक्काजवळ सुटं शंभर-पन्नासच हुतं. मग तिनं पाचशेचं कोरं बंडल काढलं. बँकेची कागदी पट्टी माझ्यासमोर फोडली. नव्या नोटा, एकमेकीला चिकटलेल्या. सहाच्या जागी सात आल्या, तर म्याच एक परत दिली. तवर तिकडं रामहरीनं बोंब ठोकली.”

बब्रुवानने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“पट्टी तुमच्यासमोर फोडली? नक्की?”

“डोळ्यांनी बघितलंय. फाटलेली पट्टी खाली पडली, ती म्याच उचलून टाकली.”

“मग बोंब झाल्यावर?”

“मग काय, आमी तितंच उभं. रामहरी गल्ल्यावर येऊन थापा मारायला लागला. अक्का बिचारी नुसती बघत हुती. रेवणसिद्ध सावकार खाली आलं, खण काढून घेऊन गेलं. त्यांच्या पायाला खडा रुतला, तवा माझ्याच खांद्याला धरून उभं राहिलं. घरातनं तसंच आलं हुतं, चपला न्हवत्या.”

धोंडीबा भाकरी थापायला लागला. बब्रुवान मात्र जागचा हलला नाही. त्याला आता चोर कळला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे या कामासाठी आपल्यालाच का बोलावले तेही कळले होते. तळपायाची आग मस्तकाला गेली. हा माणूस आपल्याला फौजदार समजला नव्हता, दवंडीवाला समजला होता.

६

संध्याकाळ व्हायला अवकाश होता. बब्रुवानने वाट पाहिली नाही. हॉलमध्ये खेळणारी माणसे होतीच, रामहरी होता, धोंडीबाला त्याने हात धरून आणले. रेवणसिद्ध वरून उतरला, भावजयीकडे न बघता खुर्चीवर बसला.

“बोला बब्रुवानराव. जे असंल ते बोला. आमचं मन घट्ट हाय.”

“ते दिसतंच आहे,” बब्रुवान म्हणाला. “मघाशी सिद्धारामच्या हाती निरोप धाडला होता, काल पाचशेच्या किती नोटा गल्ल्यात ठेवल्या होत्या. तुमचं उत्तर काय आलं?”

“येकच बंडल. पन्नास हजाराचं. बाकी सुटी मोड. रोज तसंच देतो.”

“म्हणजे चाळीस हजार काढायचे तर ते बंडल फोडल्याशिवाय गत्यंतर नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“चिठ्ठी खोचली ऐन दिवेलागणीला. हे मल्लेशच्या एटीएमचं म्हणणं. आणि दिवा झाल्यावर, सगळे चहा पिऊन परत आल्यावर, ते बंडल कोरं होतं. बँकेची पट्टी जशीच्या तशी. धोंडीबासमोर ती फोडली, त्याचे तीन हजार दिले.”

धोंडीबाने मान हलवली. हॉलमध्ये मशिनांची टिकटिक चालू होती, पण खेळायचे सगळ्यांनी थांबवले होते.

“मग तवा न्हाय, नंतर काढलं असंल वैनीनं,” रेवणसिद्ध म्हणाला.

“कधी? धोंडीबा नोटा हातात घेऊन उभा असताना रामहरी ओरडला. तेव्हापासून चार माणसं गल्ल्याला छाती लावून उभी होती. तो खण तिथून हलला तो फक्त एकदा, तुमच्या काखेतून.”

कुणीतरी खोकले. बब्रुवान चेकरच्या थंड आवाजात पुढे बोलत राहिला. “मला सकाळपासून एकच गोष्ट खुपत होती. चोर गल्ल्यापाशी आला. बाई पाठमोरी, डोळे मिटलेले. खण सताड उघडा. हातभर अंतरावर पन्नास हजारांचं बंडल. आणि हा शहाणा फक्त चिठ्ठी खोचून परत जातो! पैशाला हातसुद्धा लावत नाही! असला चोर मी उभ्या नोकरीत बघितला नाही. मल्लेश असता तर त्याने सोडले नसते, त्याला दिवेलागण काय आणि दुपार काय. पण तो सोलापुरात होता. सिद्धाराम धाब्यावर होता, आणि त्याच्या पायात बूट होते. आलेला माणूस अनवाणी होता. कपाटातली तिसरी चावी घेऊन घरातून खाली आला, देवापुढे नको म्हणून चपला वरच ठेवून आला. आणि दिवेलागणीला दुकानातून पैसा बाहेर न्यायचा नाही, हे ज्याच्या हाडीमाशी खिळलंय, त्याने पैसा तेव्हा नेला नाही. नंतर नेला, रीतसर, दिवा झाल्यावर. भावजयीला चोर ठरवायला त्याला देव आडवा आला नाही. फक्त वेळ पाळली त्याने.”

रेवणसिद्धचा चेहरा भस्मासारखा झाला. त्याचा हात आपोआप गळ्यातल्या डबीकडे गेला आणि तिथून खाली आला.

“अप्पा?” मल्लेश म्हणाला. “अप्पा, बोला की.”

रेवणसिद्ध बोलला तो पार्वतम्माशी, आणि जमिनीकडे बघून. “शपथ मोडता येत न्हवती, वैनी. दादा जाताना लिंगावर हात ठिवून घेतली हुती. कंपनीवाले म्हनले, गल्ला बंद करा, तरच मशीन ठिवतो. हायवेला दुसऱ्या दोघांनी जागा दावल्यात. तुमचा हात साफ हाय तवर... म्हंजी... मग म्या म्हनलं...”

“मग तू म्हनलास हातच घान करू,” पार्वतम्मा म्हणाली.

त्याने वर जाऊन पैसे आणले. सगळ्यांदेखत तिच्यापुढे ठेवले. मग वाकून तिच्या पायाला हात लावायला गेला, तशी तिने पाय आत घेतले.

७

इथे गोष्ट संपायला हवी होती. बब्रुवानलाही तसेच वाटले. छाती जरा फुगली होती त्याची, खोटे कशाला बोला.

पार्वतम्मा गल्ल्यावर जाऊन बसली. नोटा उचलल्या, मोजल्या, आणि रामहरीला हाक मारली. तो आला. तिने त्याच्या हातात चाळीस हजार ठेवले आणि नेहमीसारखे त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “आता सरळ ईटला जा. तुझ्या बायकूच्या हातात दे, अयोध्येच्या. मागल्या खेपेला तिनं फोन केला हुता मला, पोरीच्या फीचं इचारत हुती.”

रामहरीने नोटा घेतल्या, पण मान वर केली नाही.

मल्लेश घसा साफ करत पुढे आला. बापाच्या लाजेने त्याचे कान लाल झाले होते, पण व्यवहार तो विसरला नव्हता. “दोड्डव्वा, अप्पांनी केलं ते पाप आहे. त्याची माफी मी मागतो. पण महिना संपलाय. ठरलं होतं, गिऱ्हाइकाला जे पटेल ते. आता सगळे इथेच आहेत.”

बब्रुवान खवळला. “अरे लाज आहे का तुला? आज? आत्ता?”

“विचारू द्या, साहेब,” पार्वतम्मा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थोडे हसूही होते. ही माणसे वर्षानुवर्षे तिला अक्का म्हणत आली होती. कुणाच्या बाळंतिणीला तिने डिंकाचे लाडू पाठवले होते, कुणाला सोलापूरच्या दवाखान्यात पोचवले होते. “विचारू द्या. आज माझा हात समद्यांनी बघितलाय. सांगा रं, पैसे कुनाच्या हातानं पायजेत? माझ्या, का त्या पेटीच्या?”

धोंडीबा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागला. सिद्धाराम बाहेर थुंकायला गेला तो परत आलाच नाही. एक जण हळूच म्हणाला, “पेटीला येळ लागत न्हाय, अक्का.” दुसरा म्हणाला, “तुमचाबी आराम हुईल.” मग एकेक करत सगळेच पुटपुटले आणि सगळ्यांचे म्हणणे एकच होते.

पार्वतम्माने रामहरीकडे पाहिले. “तू रं? काल पेटीनंच तुला बुडवलं आन् माझ्या हातानं मिळालं. तू तर सांग.”

“अक्का, रागावू नका,” रामहरी म्हणाला. “काल म्या तुमच्याकडं न येता पेटीकडं का गेलो? पैसे तुमी बराबर देता. कधी नोट कमी न्हाय, जास्त न्हाय. पर तुमी तोंडाकडं बघता. पेटी बघत न्हाय.”

चोरीचा आळ आला तेव्हा, रात्रभर, सकाळी, आणि दीर पायाशी वाकला तेव्हाही तिच्या डोळ्यांत टिपूस आले नव्हते. आता आले. तिने ते पुसलेही नाही. बब्रुवानला काहीतरी बोलावेसे वाटले, या सगळ्यांना फाडून खावेसे वाटले, पण कुणाला कुठल्या कलमाखाली धरायचे हेच त्याला समजेना. खोटे कुणीच बोलले नव्हते.

“अक्का, तुमचा हात साफ निघाला,” तो शेवटी एवढेच म्हणाला. “हे गाव विसरणार नाही.”

“साफ निघाला, व्हय,” ती उठत म्हणाली. “पर नको हाय तो कुनाला.” मग रेवणसिद्धकडे वळून म्हणाली, “बसव तुझं मशीन. म्याच सोडते तुला शपथंतनं. आळंदची एसटी किती वाजता हाय, चेकरसाहेब?”

बब्रुवानला ती वेळ पाठ होती, तरी त्याने उगाच घड्याळात पाहिले. मल्लेशने “दोड्डव्वा, असं नका करू,” म्हणत तिचा हात धरला, तो तिने हळूच सोडवला आणि जिन्याकडे कपडे घ्यायला निघाली. तिच्या पाठीमागे हॉलमध्ये एक मशीन वाजले. रामहरी खुर्ची पुढे ओढून बसला होता आणि त्याने पहिली पाचशेची नोट आत सरकवली होती.